ओढीतून उमटलेले रंग

सूर्य नुकताच गंगेपलीकडच्या वाळूवर आलाय. काशीच्या ब्रह्मा घाटाच्या पायरीवर तुम्ही पूर्वेला तोंड करून उभे आहात. पावसानं आकाश धुऊन काढलंय. डावीकडे राजघाटाचा पूल. डोळ्यांवरचा पोलरॉइड गॉगल उतरवा आणि पुलावरच्या आकाशासमोर सावकाश फिरवा. एका जागी आकाश काळवंडतं. हात तिथंच थांबवा. आता उदबत्तीच्या पुड्याचं पारदर्शक वेष्टन गॉगलपुढे तिरकं धरा. ते उजळतं, घडी पडलीय तिथं तर गुलाबी, हिरवट पट्टे!

सूर्यापासून काटकोनात येणारा आकाशाचा प्रकाश बराचसा एकाच दिशेनं कंपतो. वेष्टन कारखान्यात ताणून पातळ केलेलं असतं, एका दिशेनं जरा जास्तच. त्या ओढीनं त्याचे साखळीसारखे लांब रेणू रांगेला लागतात. मग रेणूंच्या दिशेनं कंपणारा प्रकाश एका वेगानं जातो, आडवा कंपणारा दुसऱ्या. त्या मागेपुढे होण्यातून रंग निवडले जातात. गॉगलसुद्धा ओढीचाच: एडविन लँडनं 1938 साली पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची फिल्म तापवून ताणली, तिच्यात आयोडीन मुरवलं.

डोळे मिटा, उघडा. पूल नाही. उजवीकडे पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे आज नसलेले मिनार उभे आहेत. साल 1740 च्या आसपास. नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधवलेल्या घाटाचा दगड अजून कोरा आहे. रेशमी मुकटा नेसलेले एक आजोबा पायऱ्या उतरताहेत. तुम्ही वाकून बघता तोच, "शिवू नका हो, सोवळ्यात आहे!"

त्यांच्या मुकट्याचा एक सुटा धागा पायरीवर पडलाय. तो उचला. काळवंडलेल्या आकाशासमोर तिरका धरून गॉगल आणि भिंगातून बघा: धागा चमकतो. रेशमाचा किडा डोकं हलवत धागा ओढून काढतो आणि त्या ओढीनंच आतली प्रथिनं रांगेत बसतात. परावर्तित प्रकाशाचं असं एकदिश कंपन मालूस या शास्त्रज्ञाच्या ध्यानात यायला 1808 उजाडणार आहे, पण ब्रह्मा घाटावर ताणलेली फिल्म येण्याआधी तिची थोरली बहीण रोज स्नानसंध्येला येत होती. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

काशीलाच जायला हवं असं नाही. पहाटेचं निरभ्र आकाश, पोलरॉइड गॉगल आणि उदबत्तीच्या पुड्याचं वेष्टन एवढं पुरे. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे बघा. गॉगल असला तरी सूर्याकडे मात्र बघू नका.