वादळाची तीव्रता, वादळाचा धोका

चक्रीवादळाची तीव्रता आणि त्याचा धोका या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तीव्रता वाऱ्याच्या वेगावरून ठरते. हवामान खात्याच्या वर्गवारीत ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र चक्रीवादळ, तर २२२ पासून महाचक्रीवादळ. धोका मात्र तीन बाबींवर अवलंबून असतो : वादळ कुठून जाते, त्या वेळी वाटेत कोण आहे आणि आवराआवरीला किती अवधी मिळतो. वृत्तवाहिन्यांना तीव्रतेचे आकडे प्रिय; रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे नफानुकसान धोक्यावर ठरते.

पुरावा इथल्याच समुद्राचा आहे. ऑक्टोबर २०१९ मधले ‘क्यार’ पुढे महाचक्रीवादळ झाले, पण रत्नागिरीच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवरून अरबस्तानाकडे वळले. वाऱ्याचा तडाखा टळला, पण पावसाने कापणीला आलेले भात भिजवले. नोव्हेंबर २००९ मधले ‘फयान’ त्याच्या तुलनेत किरकोळ. पण ते भर मासेमारीच्या हंगामात आले आणि चक्रीवादळ झाल्यावर लगेचच किनाऱ्यावर धडकले. खोल समुद्रातल्या नौकांना परतायला वेळच उरला नाही आणि कोकणातले खलाशी प्राणांस मुकले.

अतिरंजित वार्तांकनाचा दोष केवळ फुगवण्याचा नाही. ते लक्ष चुकीच्या जागी वळवते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ येताना कॅमेरे मुंबईवर रोखलेले होते. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. मुंबई बरीचशी बचावली. दापोली-मंडणगडात माड-पोफळी आडव्या झाल्या, छपरे उडाली आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वादळाचे केंद्र जिथे जमिनीवर आले तिथून रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला. तरी ‘बसरा स्टार’ हे जहाज रत्नागिरीतल्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतले. नकाशावरची रेघ केंद्राचा अंदाजित मार्ग दाखवते. तिच्याभोवतीचा शंकू त्या अंदाजातली अनिश्चितता दाखवतो, आणि वाऱ्या-लाटांचा पसारा त्या शंकूच्याही बाहेर जातो. वाहिनी शंकू पुसून रेघ ठेवते. मग जून २०२३ मधल्या ‘बिपरजॉय’सारखे वादळ कच्छला गेले की ‘उगाच घाबरवले’ असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः शक्यता वर्तवणारा इशारा एकाच वादळावरून खोटा ठरत नाही.

आता जबाबदारी. ‘सर्वांनी सतर्क राहावे’ या आवाहनात ती कुणाचीच उरत नाही. नियम असा हवा : ज्याच्या हाती निर्णय, त्याच्याकडे जबाबदारी. घराचा निर्णय घरमालकाचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला तर पत्र्यावरचा जोर चौपट होतो. म्हणून ढिले हुक कसणे आणि घरावर झुकलेल्या फांद्या छाटणे ही कामे इशाऱ्याची वाट न पाहता आगोटीतच, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच, उरकायची. इशारा पुढे पाठवणाऱ्याने त्यावरची तारीख, वेळ आणि जिल्हा पाहायचा. कालचा इशारा आज पाठवणे ही अफवाच.

समुद्रावर निर्णय नौका हाकणाऱ्या तांडेलाचा आणि त्याहून अधिक मालकाचा. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’चा इशारा काही दिवस आधी मिळूनही ‘पी-३०५’ हा तराफा मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातच राहिला. तो बुडाला तेव्हा त्यावरच्या २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक जण दगावले. त्या कामगारांना वैयक्तिक जबाबदारीचा उपदेश करणे निरर्थक आहे. परतायचे की नाही हे त्यांना कुणी विचारतच नव्हते. खलाशाचीही गत वेगळी नसते.

म्हणून प्रश्न शेवटी पैशांवर येतो. बंदरावर धोक्याचा बावटा लागल्यावर अर्ध्यातून परतलेल्या फेरीचे डिझेल, बर्फ आणि बुडालेला रोज कुणाच्या खाती घालायचा? हे हंगामाच्या सुरुवातीला ठरले नसेल, तर प्रत्येक इशाऱ्याला तांडेल मनातल्या मनात तोटा मोजतो आणि अजून एक जाळे टाकतो. मालक आणि मच्छीमार सोसायट्यांनी हा हिशेब आधीच लिहून ठेवला, तर नौका वेळेवर वळेल. मग वाहिनीवर कितीही गदारोळ असो वा नसो.