शनिवारी केळकर, रविवारी बालगंधर्व

पुण्यात नोकरीला लागून मला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत 'बालगंधर्व' हे नाव शेकडो वेळा तोंडात आलं असेल, पण ते रिक्षावाल्याला पत्ता सांगताना. 'केळकर म्युझियम' म्हणजे माझ्या लेखी बाजीराव रोडजवळची, गाडी लावायला जागा न मिळणारी गल्ली. परवा बाबा गावाहून आले. म्हणाले, "दाखव की जरा तुझं पुणं." एक मॉल दाखवून झाला आणि माझी यादी संपली! मग ठरवलं, शनिवारी म्युझियम, रविवारी नाटक.

राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हटल्यावर मला इतके दिवस वाटायचं, हे कुणी राजेसाहेब असतील. तसं नाहीये. दिनकर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे, घरचं चष्म्याचं दुकान होतं. 'राजा' हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो सातव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीसाठी हे संग्रहालय.

केळकरांनी साधारण १९२० पासून वस्तू जमवायला सुरुवात केली. जुन्या सरदार घराण्यांकडून, वाड्यांतून, खेड्यापाड्यांतून. १९६० पर्यंत पंधराएक हजार वस्तू झाल्या. १९६२ साली संग्रहालय उभं राहिलं आणि १९७५ मध्ये त्यांनी ते सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. आज वीस हजारांवर वस्तू आहेत, त्यातल्या अडीचएक हजार मांडलेल्या. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालसुद्धा आहे. पण खरी गंमत बाकीच्यात आहे. दिवे, दौती, कोरीव दारं, पाय घासायच्या वज्र्या, अडकित्ते... थोडक्यात, ज्या वस्तू घर आवरताना आपण सगळ्यात आधी बाहेर काढतो, त्या.

अडकित्त्यांच्या कपाटापाशी बाबा थांबले. "असाच होता ना रे आपल्याकडे?"

होता. दोन वर्षांपूर्वी आजी गेल्यावर गावचं घर आवरलं तेव्हा तो अडकित्ता, पानाचा डबा आणि दोन समया मोडीत गेल्या. गेल्या म्हणजे मीच वजनावर दिल्या. बाबा "राहू दे" म्हणत होते आणि मी विचारत होतो, फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? बाबा पुढे काही बोलले नाहीत. मी उगाच शेजारच्या कपाटातली पाटी वाचत बसलो.

रविवारी बालगंधर्व. नाटक सुरू व्हायला वेळ होता, म्हणून गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं नीट पाहिली. एकात ते पुरुषवेशात, दुसऱ्यात स्त्रीवेशात. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८. १२ मार्च १९११ ला मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, प्रयोग थांबला नाही. ही गोष्ट बाबांनीच सांगितली. आजोबांकडून ऐकलेली.

हे थिएटर पु. ल. देशपांड्यांच्या कल्पनेतून झालं. पानशेतचा पूर आला १९६१ मध्ये. दुसऱ्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९६२ ला, त्याच मुठेच्या काठी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते कोनशिला बसली. तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, त्यांच्या वाढदिवशी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. पण बालगंधर्व १५ जुलै १९६७ लाच गेले होते.

म्हणजे बघा, १९६२ या एकाच सालात दोन्ही गोष्टी उभ्या राहू लागल्या. आपलं मूल गमावलेल्या एका बापानं जे हाती लागेल ते जपलं. दुसरा त्याच संध्याकाळी गायला, आणि ते गाणं पडद्याबरोबर संपलं. बालगंधर्वांचा आवाज तबकड्यांवर आहे, 'धर्मात्मा' (१९३५) हा सिनेमाही आहे. पण 'मानापमान'ची ती रात्र कुठल्याच कपाटात नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रयोगाचा बॅकअप घेता येत नाही. तो पुन्हा करावा लागतो, आणि त्यासाठी जागा लागते.

ही जागा पाडून नवीन बांधायची चर्चा २०१८ पासून अधूनमधून होत आलीये. सोयी हव्यात हे मलाही पटतं. पण 'आता हे ठेवून काय करायचं' हा प्रश्न मी स्वतः विचारलाय, आणि उत्तर वजनकाट्यावर घेतलंय. म्हणून हल्ली त्या प्रश्नाची जरा भीती वाटते.

परत येताना गाडीत बाबांनी विचारलं, "तो पानाचा डबा कितीला गेला रे?"

मला आकडा आठवला नाही.

रात्री आईला फोन केला. माळ्यावर आजीचं एक गाठोडं अजून पडलंय म्हणाली. म्हटलं, हात लावू नकोस, शनिवारी येतोय.