आपण कुणाचे ऑर्क? नागपूर, बर्गी आणि कानातली युद्धं

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी आवृत्ती. बोलताना जे इकडेतिकडे झालं ते थोडं सरळ केलंय, फार नाही.

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "युद्धाची सायन्स फिक्शन किंवा फँटसी ऑडिओबुकं ऐकायची आहेत, कोणती ऐकू?" लोकांना यादी हवी असते, आणि यादी कुठेही मिळते. मी फक्त माझी फूटपट्टी सांगतो. पुस्तक पंधरा तासांचं असो की पन्नास, मी एकच गोष्ट बघतो: शत्रूला आवाज आहे का? म्हणजे तो नुसता गुरगुरतो, की बोलतो? पानावर वाचताना हे लक्षात येत नाही, डोळे पुढे सरकतात. कानात मात्र लगेच कळतं. वाचणारा माणूस नायकाला एक आवाज देतो, म्हाताऱ्या जादूगाराला दुसरा, आणि समोरच्या हजारोंच्या फौजेला आवाजच देत नाही. ती नुसती येते, गावं जाळते आणि मरते.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घ्या. मी २०२१ ची, अँडी सर्किसनं वाचलेली आवृत्ती ऐकली. चित्रपटात गॉलम झाला होता, तोच हा. टोल्किननं ऑर्क म्हणजे बिनचेहऱ्याची झुंड केली अशी तक्रार नेहमीची आहे, आणि बऱ्याच अंशी ती खरी आहे. पण 'टू टॉवर्स'च्या शेवटी दोन ऑर्क एकमेकांशी बोलतात, शाग्रात आणि गोरबाग. वरचे साहेब किती छळतात, हे युद्ध एकदाचं संपलं की चार भरवशाची पोरं घेऊन कुठंतरी लांब निघून जाऊ, असल्या गप्पा. आपल्याकडे चहाच्या टपरीवर दोन कंत्राटी कामगार बोलतात ना, अगदी तसं. त्याच पुस्तकात सॅमसमोर दक्षिणेकडचा एक सैनिक मरून पडतो आणि सॅमला वाटतं, याचं नाव काय असेल, हा कुठून आला असेल, खरंच वाईट होता का. टोल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत होता. हे असं कुठून सुचलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

दुसरं, जो हॉल्डमनचं 'द फॉरेव्हर वॉर', १९७४ चं. हा माणूस व्हिएतनाममध्ये लढून, जखमी होऊन परत आला होता. कादंबरीत सैनिक दूरच्या ग्रहावर उतरतात आणि समोर परग्रहावरचे जीव दिसतात, जे धड प्रतिकारही करत नाहीत. पण सैनिकांच्या डोक्यात आधीच संमोहनानं द्वेष भरून ठेवलाय. त्या परग्रहवासीयांच्या अत्याचारांच्या खोट्या आठवणी घातल्यात. सार्जंट एका जुन्या स्कॉटिश युद्धगीताचे शब्द उच्चारतो आणि हे सगळे कापायला सुटतात. शुद्धीवर आल्यावर नायकाला स्वतःचीच किळस येते. शेवट सांगत नाही. पण ज्यानं ही जागा हेडफोन लावून ऐकली त्याला आपल्या कानात काय काय भरलं जातं याचा विचार करावाच लागतो.

आता तुम्ही म्हणाल, बावा, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे ना? हाव, तिकडेच येतोय.

ही पुस्तकं ऐकताना आपण, नागपूरची मंडळी, न विचारता नायकाच्या बाजूनं उभे राहतो. छोटंसं हिरवं गाव आपलं, आणि क्षितिजावर दिसणारी धूळ त्यांची. खऱ्या इतिहासात ती धूळ एकदा आपल्या गावातून निघाली होती.

साल १७४२. नागपूरचे पहिले रघुजी भोसले, सेनासाहेबसुभा. चौथाईच्या, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाच्या वसुलीसाठी त्यांनी आपले दिवाण भास्करराम कोल्हटकर यांना बंगालवर पाठवलं. भास्करपंत एप्रिलमध्ये बर्धमानपर्यंत पोचले आणि तिथं नवाब अलीवर्दीखानालाच कोंडीत पकडलं. मे महिन्यात, मीर हबीब नावाचा नवाबाकडचा फुटलेला सरदार बरोबर घेऊन, मराठ्यांनी राजधानी मुर्शिदाबादेत घुसून लूट केली. जगत शेठची पेढीही सुटली नाही. पुढं १७५१ पर्यंत जवळजवळ दरवर्षी हेच.

बंगालमध्ये या घोडेस्वारांना म्हणतात 'बर्गी'. शब्द आपलाच, बारगीर. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं तो शिलेदार, आणि ज्याला ते सरकारातून मिळतं तो बारगीर. आपल्याकडे हा फौजेच्या हिशेबाच्या वहीतला साधा शब्द. तिकडे तो लहान पोरांना भीती घालायचा शब्द झाला.

धंतोलीत वाढलेला माझा एक बंगाली मित्र आहे. बंगाल-नागपूर रेल्वे निघाली १८८७ मध्ये. नोकरीच्या निमित्तानं बरीच बंगाली कुटुंबं तेव्हापासून इथं आली, त्यातलंच त्याचं एक. त्याच्या आजीनं त्याला झोपवताना म्हटलेली अंगाई त्यानं मला एकदा म्हणून दाखवली. बंगालमध्ये ती घराघरात माहीत आहे. मी ओळी देत नाही, अर्थ सांगतो: बाळ झोपलं, वस्ती शांत झाली, बर्गी आले, धान पाखरांनी खाल्लं, आता सारा कशानं भरायचा? बस, एवढंच. यात तलवार नाही, सेनापतीचं नाव नाही. माझ्या मते युद्धाचं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात चांगलं 'ऑडिओबुक' हेच. पावणेतीनशे वर्षं बिनरेकॉर्डिंगचं चालतंय. आणि ते नागपूरच्या एका घरात, नागपूरहून गेलेल्या फौजेबद्दल म्हटलं जात होतं! मित्राला ही गंमत ठाऊक होती, त्याच्या आजीलाही असावी. मला नव्हती. माझ्या वाट्याला आलेल्या शाळेच्या पुस्तकात अटकेपार झेंडे होते, बंगालची स्वारी एका ओळीत संपली होती.

त्या काळातलं एक बंगाली काव्यही आहे, गंगाराम नावाच्या कवीचं 'महाराष्ट्र पुराण', साधारण १७५१ चं. फँटसी ऐकणाऱ्यांनी याची रचना ऐकाच. पृथ्वीला पापाचा भार सोसवेना, म्हणून शंकर नंदीला शाहू महाराजांकडे धाडतात, की आता बंगालला शिक्षा द्या. म्हणजे मराठे सुरुवातीला देवाचे दूत! मग फौज येते आणि जे करते ते करते. हातपाय तोडणं, बायकांवर अत्याचार, गावंच्या गावं पेटवणं. गंगाराम पळणारी माणसं एकेक करून दाखवतो: पोथ्यांचं ओझं घेतलेले पंडित, तराजू घेतलेले सोनार, जाळी घेतलेले कोळी. रस्त्यात कुणी विचारतं, बर्गी डोळ्यांनी पाहिले का? उत्तर येतं, पाहिले नाहीत, सगळे पळतायत म्हणून आम्हीही पळतोय. शेवटी देवीच भास्करपंतांवर उलटते आणि नवाबाच्या बाजूनं उभी राहते. एका हिंदू कवीनं, मराठ्यांविरुद्ध, मुसलमान नवाबाच्या बाजूनं देवी उभी केली. १८ व्या शतकातल्या युद्धाला आज आपण जे सोपे रंग देतो, ते इथं टिकत नाहीत.

सोप्या रंगांचं म्हणाल तर आणखी एक घ्या. १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे स्वतः बंगालात उतरले, पण रघुजींच्या मदतीला नव्हे. ते अलीवर्दीखानाच्या बाजूनं आले आणि रघुजींना मागं रेटलं. बदल्यात नवाबाकडून पैसे घेतले ते वेगळेच. मग शाहू महाराजांनी दोघांना बसवून मुलूख वाटून दिले. एखाद्या फँटसी लेखकानं हे लिहिलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, प्लॉट फसला.

पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १७४४ ला, अलीवर्दीखानानं भास्करपंतांना आणि त्यांच्या सरदारांना वाटाघाटीसाठी मानकऱ्याच्या छावणीत बोलावलं आणि तंबूतच सगळ्यांना कापलं. ही दगाबाजी होती, त्यात शंका नाही. मराठी वाचकाला हा प्रसंग ऐकून राग येतो, मलाही येतो. पण माझ्या फूटपट्टीला इथंच काम पडतं. त्या तंबूतली प्रेतं आपल्याला नावानिशी माहीत आहेत. तराजू घेऊन पळालेल्या सोनाराचं नाव कुणालाच माहीत नाही.

कोलकात्यात इंग्रज व्यापाऱ्यांनी बर्गींच्या भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला, 'मराठा डिच'. काही मैल झाला, पुरा कधी झालाच नाही, आणि बर्गी त्या शहरावर चालून आलेच नाहीत. नंतर तो बुजवून रस्ता केला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. म्हणजे फँटसीच्या नकाशात राक्षसांना अडवणारी भिंत असते ना, तशी भिंत खरोखर होती आणि तिच्या पलीकडचे आपण होतो.

१७५१ मध्ये तह झाला. बंगालची चौथाई वर्षाला १२ लाख ठरली आणि ओडिशा नागपूरकरांकडे आला, तो १८०३ पर्यंत. या काळाबद्दल चांगलंही सांगता येतं. पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून मराठा राजवटीतच आणला गेला. एकाच राज्यानं एका किनाऱ्यावर देवळाची व्यवस्था लावली आणि शेजारच्या मुलखात धानाची कोठारं पेटवली. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्ही एकाच भागात ऐकायचंय.

हे आत्ता काऊन सांगतोय? २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून रघुजींची एक तलवार विकत घेतली, सुमारे ४७ लाख रुपयांना. पातं युरोपीय बनावटीचं, म्हणजे फिरंग, त्यावर सोन्यानं देवनागरीत नाव. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. नाव असलेली तलवार परत येणं म्हणजे फँटसीवाल्यांसाठी राजा परत येणं! पण त्या दिवसांत मी जितके रील पाहिले, त्यातल्या एकातही बंगालमध्ये हे नाव कसं घेतलं जातं ते नव्हतं. मागं तेच ढोल, तेच संगीत. हॉल्डमनच्या सार्जंटची आठवण झाली.

आता उलट बाजू. सीताबर्डी. मेट्रो बदलायला तुम्ही रोज जिथं उतरता त्याच्या डोक्यावरची टेकडी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला इथं अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज भिडले. इंग्रजांकडे दीड हजाराहूनही कमी माणसं, भोसल्यांकडे कितीतरी पट. रात्रभर तोफा चालल्या. सकाळी भोसल्यांकडच्या अरबांनी लहान टेकडी जिंकली. मग इंग्रजांच्या घोडदळानं मुसंडी मारली, टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि दुपारपर्यंत सगळं उलटलं. या लढाईचे इंग्रजी वृत्तांत आहेत, रेसिडेन्सीच्या बाजूनं लिहिलेले. त्यांत नागपूरची फौज कशी दिसते सांगू? झुंड. आरडाओरडा करत येणारी, संख्येनं मोठी, बिननावाची. पंचाहत्तर वर्षांत आपली बाजू नकाशावर फिरली, गोष्ट सांगायची पद्धत तीच राहिली. आणि या दोन्ही गोष्टींच्या आधी हे शहर ज्या गोंड राजांनी वसवलं, त्यांच्या बाजूनं सांगितलेलं युद्ध तर मी अजून एकही ऐकलेलं नाही.

मराठीत स्वतःची युद्धाची सायन्स फिक्शन आहे का? आहे. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी तिथं चाटून जाते, मराठे जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत त्या दुसऱ्या भारतात जाऊन पडतात. एका गोळीच्या काही अंगुळांवर अख्खा देश फिरवायचा आणि त्याला पुंज भौतिकीचा आधार द्यायचा, ही कल्पना आजही जबरदस्त आहे. कुणी चांगल्या आवाजात वाचून दाखवली तर मी पुन्हा ऐकेन. पण १७६१ ला मराठे जिंकले असते, ही कल्पना पुण्यात बसून सुखाची वाटते. कटव्याच्या घाटावर, दहा वर्षांपूर्वीच बर्गी गेलेल्या गावात, हीच बातमी कशी ऐकली गेली असती? त्या दुसऱ्या भारतात ती अंगाई थांबली असती का? ही गोष्ट नारळीकरांनी लिहायला हवी होती असं मी म्हणत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता. तुमच्यापैकी कुणीतरी लिहा, एवढंच म्हणतो. विदर्भात बसून, वऱ्हाडीत लिहिली तर आणखी मजा.

तोपर्यंत काय ऐकाल? 'टू टॉवर्स' ऐकणार असाल तर ऑर्कांच्या गप्पांच्या जागी स्पीड एकवर आणा, दीडवर त्या वाया जातात. 'फॉरेव्हर वॉर' रात्री झोपताना लावू नका. आणि कुणा बंगाली शेजाऱ्याशी ओळख असेल तर त्यांच्या आजीला विचारून बघा, म्हणतील त्या.

पुढचा भाग सीताबर्डीचा, सविस्तर. तुमच्या घरात भोसल्यांच्या फौजेची, अरबांची किंवा त्या लढाईची कुणी सांगितलेली गोष्ट असेल, खरी असो की तिखटमीठ लावलेली, तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांची पुरे. मागे पंखा आणि कुकरची शिट्टी असली तरी चालेल.