राणीचे पिवळे डाग आणि युरियाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी घरापुढच्या अंगणात मी हौसेने लॉन लावले. वडील होते तोवर तिथे शेणाने सारवलेली जमीन होती. दोन-तीन महिन्यांतच हिरवळीवर भाकरीएवढे पिवळे डाग दिसू लागले. हे काम आमच्या राणीचे. कुत्रा पाय वर करून चार ठिकाणी थोडे थोडे शिंपडतो, कुत्री बसून सगळे एकाच जागी सोडते. मी इतका चिडलो की तिला सत्तरीत मेहुण्याकडे पाठवायचे ठरवून टाकले. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कोणी म्हणाले, मूत आंबट असते, चुना टाका. टाकला. फरक शून्य. मग एक डाग नीट पाहिला. मधले गवत करपलेले, पण भोवती गर्द हिरवे कडे, बाकीच्या लॉनपेक्षा तरारलेले! नुसते विष असते तर कडेला असे का व्हावे?

मित्रहो, याचे उत्तर शोधता शोधता मी 1828 सालात पोचलो. त्या वर्षी बर्लिनमध्ये फ्रीडरिख व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला. सजीवांच्या शरीरातले असे पदार्थ बाहेर बनवता येत नाहीत, असा तोवर अनेकांचा समज होता. व्होलरने गुरू बर्झेलियस यांना पत्राने कळवले, की युरियासाठी आता मूत्रपिंडाची गरज नाही, माणसाच्याही नाही आणि कुत्र्याच्याही. (त्याला नेमका कुत्राच आठवावा!)

पुढे दोनच वर्षांनी, 1830 मध्ये, इंग्लंडात स्ट्राउडच्या एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. गिरणीत लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचले. त्याआधी लॉन म्हणजे जमीनदारी थाट, मेंढरे नाहीतर लांब दांड्याचे विळे घेतलेले मजूर हवेत. यंत्रामुळे हळूहळू ते साध्या घरांपुढे आले, आणि फार उशिरा माझ्याही.

युरिया मात्र खत झाला. आपल्या झुआरीनगरच्या कारखान्यातून 1970च्या दशकापासून तो पोत्यांनी बाहेर पडू लागला. म्हणजे राणी माझ्या लॉनला नत्राचे खतच घालत होती, फक्त सगळे एका जागी. मधे नत्र आणि क्षार जास्त होऊन गवत जळे, कडेला पातळ होऊन पोसले जाई. आमची आजी गोठ्यातले मूत भरपूर पाणी घालूनच भाजीला द्यायची. तिने व्होलरचे नावही ऐकले नव्हते.

आता राणी उठली की लगेच त्या जागी बादलीभर पाणी. मेलेले गवत उपटून, माती पाण्याने धुऊन, कडेचे ठोंब तिथे लावले. बरेचसे भरले, दोन टकले अजून आहेत. सकाळची बादली मुलीची, संध्याकाळची माझी. सत्तरीचा मेहुणा मात्र अजून विचारतो, कुत्री कधी पाठवताय?