लिंबू, कागदी : काढणीपश्चात हाताळणी

झाडावरून उतरवलेल्या कागदी लिंबाचा रस, रंग व टवटवी टिकवण्यासाठी केली जाणारी तोडणी, निवड, भरणी आणि साठवण. हे संकरज फळ मूळचे आग्नेय आशियातील (पहा : महाळुंग). अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुका लिंबाच्या बागांसाठी ओळखला जातो. ‘साई शरबती’ हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा.

फळधारणेनंतर ५–६ महिन्यांनी फळ तोडणीस येते. तोडल्यावर ते आंब्यासारखे पिकत नाही. साल पिवळी पडते, रस वाढत नाही. खरी नासाडी तोडणीतच होते. दव असताना तोडल्यास ताठ सालीतील तैलग्रंथी फुटतात, तेल पसरते आणि तेथे तपकिरी डाग उमटतो. फळ ओढून काढल्यास देठाची जागा फाटते व हिरवी बुरशी शिरते. पातळ सालीतून पाणी उडून फळ सुकते. ८–१०° से. तापमान व ८५–९०% आर्द्रतेत ते ६–८ आठवडे टिकते. अधिक थंडीत सालीवर खड्डे पडतात (पहा : शीतगृह). हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात, ऐन मागणीच्या काळात बाजारात येतात (पहा : बहार धरणे).