मराठवाड्यांतील माळवद व ग्रीष्मनिवारण

जुन्या दप्तरांच्या शोधार्थ लातूर, औसा, उदगीर, कंधार, नांदेड या बाजूस जो हिंडला आहे, त्यास तेथील वैशाखाचें ऊन निराळें सांगावयास नको. पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. गोदेच्या कांठचें नांदेडही त्यांतून सुटत नाहीं. मात्र जुन्या वाड्याच्या ढाळजेंत पाऊल पडतांच अंगाची आग निवते, आणि मग देवळींतला रुमाल सोडण्याचें सुचतें. कागद आणि माणूस या दोघांनाही एकाच भिंतीनें राखिलें. त्या भिंतीकडे आम्हां संग्राहकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं.

ग्रीष्मासंबंधीं आमचे संस्कृत ग्रंथ बोलतात तें बहुधा श्रीमंतांविषयीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील ऋतुचर्या चंदन व शीतल गृहें सांगते. लातुरापासून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या (हल्लींचें बसवकल्याण) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (शके १०५१, इ. स. ११२९) कोणत्या ऋतूंत कोणतें पाणी प्यावें येथवर तपशील आहे. यादवांचा मंत्री हेमाद्रि दानखंडांत प्रपादान सांगतो. म्हणजे पुण्याच्या निमित्तानें कां होईना, वाटसरूची आठवण झाली. कुणब्याच्या घराचें शास्त्र मात्र पोथींत नाहीं. तें घर पाहूनच वाचावें लागतें.

हें घर खणांचें. लांकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें व फळ्या, आणि त्यांवर दीड-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर, हेंच माळवद. ही पांढरी म्हणजे जुन्या गांवठाणाची माती. आपल्या कागदांतील 'काळी-पांढरी' या जोडशब्दांतली तीच. भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद. एवढें वजन ऊन सावकाश पितें. दुपारचा ताप आंतल्या अंगास पोंचेपर्यंत सूर्य कललेला असतो. उजेडास छतांत साणें, आणि रस्त्याकडे खिडक्या थोड्या. रात्रीं भिंती दिवसाची ऊब सोडूं लागल्या कीं माणसें माळवदावर निजत.

हाच भार ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीचें विसर्जन उरकून निजलेल्या लोकांवर पहाटे चारच्या सुमारास आला. किल्लारीच्या त्या भूकंपांत, निरनिराळ्या गणनांप्रमाणें, आठ ते दहा हजार माणसें मेलीं. ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. मृत्यूचें मुख्य कारण हीं घरें, यांत शंका नाहीं. गळती बुजविण्यास दरसाल नवी माती पडे, जुनी कोणी काढीत नसे. असा थर वाढतच गेला होता. भिंत म्हणजे दगडांचे दोन पदर व मध्यें भर. दोहोंस बांधणारा आरपार दगड नसल्यानें ती फुगून ढासळली. परंतु चांगल्या जोडणीचे लांकडी खण पुष्कळ ठिकाणीं उभे राहिले, हें अभियंत्यांनीं नोंदून ठेविलें आहे. माझ्या मतें दोष बांधणींत होता. गारव्याच्या युक्तीस सरसकट दोषी ठरविणें घाईचें झालें.

ज्यांचे आप्त त्या दगडांखालीं गेले त्यांच्यापुढें मी हा युक्तिवाद करणार नाहीं. पत्रा अंगावर पडला तरी जीव वांचतो, या भरंवशावर अनेकांनीं पत्र्याचा आश्रय केला, आणि तो पत्रा चैत्रापासून तव्यासारखा तापतो. त्यावर उपाय वाळ्याचे पडदे व पाण्यावर चालणारे कूलर; म्हणजे पुन्हा पाणीच. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. जेथें पिण्याची भ्रांत, तेथें पडदे कोण भिजविणार? जुनी भिंत गारव्यासाठीं थेंबभरही पाणी मागत नव्हती.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं वाडा उतरवून पोथ्या पत्र्याच्या खोलींत ठेविल्या; कांहीं उन्हाळ्यांनंतर मीं पाहिल्या तों पानें उलटतांच तुटत होतीं. उरलेले वाडेही भराभर उतरत आहेत. यापुढें दप्तर पाहावयास जाणारानें भिंतीची रुंदी, मातीच्या थराची जाडी, खणांची संख्या व आरपार दगड आहे कीं नाहीं, एवढें टिपून आणावें. आणि जमाखर्चाच्या वह्यांत वाळा, माठ, पाणपोई यांवरील खर्चाच्या नोंदी आढळल्यास त्याही उतरून घ्याव्या. एका जिल्ह्याच्या पन्नास घरांचीं मापें जमलीं तरी तीं क्रमशः छापतां येतील.