तुपाच्या शाईचे पंचांग

जर्मनीतील माइन्झ येथे गुटेनबर्गने सुटे खिळे जुळवून बायबल छापले, ते इ. स. १४५५ च्या सुमारास. मराठी घरांच्या देवघरापर्यंत छपाई पोहोचण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. भंडारी समाजातील गणपत कृष्णाजी यांनी मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ही विद्या आत्मसात केली, स्वतःचा शिळाछापखाना उभारला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते या समजुतीने कर्मठ मंडळी छापील कागदास शिवत नसत. म्हणून गणपतरावांनी शाईत तूप वापरले. तडजोड सोवळ्याशी झाली, परंतु तिचा परिणाम सोवळ्यापलीकडे गेला. तिथी-वार जाणण्यासाठी जोशीबुवांची हस्तलिखित पोथीच हवी, हे बंधन सैल झाले. छापील प्रत विकत घेणाऱ्याची जात विचारत नव्हती.